शेपूची कढई

तमाम लहानथोरांना, विशेषतः ज्यांनी लहानपणी दुसऱ्याच्या झाडाचे पेरू चोरले आणि ज्यांनी ते चोरताना पाहूनही कुणाला सांगितलं नाही अशा सर्वांना, या निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला सातारा जिल्ह्यात, कराडपासून एस.टी.ने अर्ध्या तासावर, एक नरक चालू होता. वेळ संध्याकाळी पाच ते सहा. रविवारी आणि आठवडी बाजाराच्या दिवशी बंद. प्रवेश फक्त पाच ते बारा वर्षांच्या मुलांना, आणि बसायला पोतं ज्याचं त्याने आणायचं. हा नरक मी चालवत होते. एकटीने, विनापरवाना, आणि आता खोटं कशाला बोलू, फार सुंदर चालवत होते.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. डी.एड. झालं होतं आणि जिल्हा परिषदेच्या नोकरीची ऑर्डर आज येईल, उद्या येईल म्हणून पोस्टमनच्या सायकलीच्या घंटीवर मी जगत होते. पण माझं खरं दुखणं ते नव्हतं. माझं दुखणं असं होतं की मला नाटकात काम करायचं होतं. जत्रेला गावात नाटक बसायचं, पुरुष मंडळी महिनाभर तालमी करायची, आणि स्त्रीपात्रांसाठी बाहेरून नट्या बोलावल्या जायच्या. गावातली मुलगी स्टेजवर चढली तर तिचं लग्न जमणार कसं, हा प्रश्न आमच्या घरात एकदाच विचारला गेला आणि तिथेच मिटला. माझा आवाज मात्र पल्लेदार. मला म्हाताऱ्याचा खोकला काढता यायचा, रेड्याचं फुरफुरणं काढता यायचं, कंडक्टर काढता यायचा. हे सगळं मी गोठ्यात म्हशीसमोर करायचे. म्हैस तशी वाईट प्रेक्षक नाही. पण टाळ्या वाजवत नाही.

अशा वेळी देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष आमच्या दारात आले. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मिशा अजून नोकरीत.

"पोरं लय बिघडल्यात," ते म्हणाले. "डिसिप्लिन न्हाई. तू शिकलेली हाईस. देवळात संस्काराचा क्लास घे. ऑर्डर येईपतुर रिकामी बसून काय करणार?"

पहिला आठवडा मी श्लोक शिकवले. पहिल्या दिवशी तीस मुलं होती, पाचव्या दिवशी चार. त्यातली दोन झोपलेली.

सहाव्या दिवशी देवळाच्या कपाटात उदबत्तीचे पुडे शोधताना मला ते चित्र सापडलं. कुठल्यातरी जत्रेत घेतलेलं, काचेच्या फ्रेममधलं, छापील रंगीत चित्र. चौकोन पाडलेले आणि प्रत्येक चौकोनात एक पाप आणि त्याची शिक्षा. खोटं बोलणाऱ्याची जीभ सांडशीने ओढणारा यमदूत. चोरी करणाऱ्याचे हात करवतीत. उकळत्या तेलात बसलेला एक जाडा मनुष्य, ज्याच्या चेहऱ्यावर चित्रकाराने चुकून समाधान काढलं होतं. मी काच पदराने पुसली, फ्रेम सभामंडपाच्या खांबाला अडकवली, आणि उरलेल्या चार मुलांकडे वळून रेड्यासारखी फुरफुरले.

दुसऱ्या दिवशी चाळीस मुलं आली.

मला स्टेज मिळालं नव्हतं, म्हणून मी नरक उघडला. प्रत्येक यमदूताला मी वेगळा आवाज दिला. एक घोगरा, एक किनरा, आणि एक आमच्या कंडक्टरसारखा: "पुढं सरका, पुढं सरका, कढईत जागा हाय!" मुलं एकमेकांना बिलगून बसायची, किंचाळायची, हसायची. फर्माईशी करायची. "बाई, आज जीभवाला द्या की." "न्हाई बाई, त्याला परवाच दिलाय, आज तेलाचा द्या." मी थांबण्याच्या जागा शोधून काढल्या होत्या. "आणि मग त्याने सांडशी तापवली..." इथे थांबायचं. खांबाच्या आडून एकदा मुलांकडे बघायचं. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं की मग पुढे जायचं. डोळ्यांत पाणी आल्याशिवाय मी पुढे जात नसे.

गावाने मला डोक्यावर घेतलं. पेरू झाडांवर राहू लागले. मुलं न सांगता हातपाय धुऊ लागली. सुभेदार म्हणाले, "वीस वर्सं फौजेत काढली, पर आसली डिसिप्लिन बघितली न्हाई." आणि मग बायका येऊ लागल्या. भाजी निवडता निवडता, नळावर, दळणाच्या रांगेत. पहिली आली ती आमच्या मागच्या आळीतली, कमरेवर घागर घेऊन.

"बाई, आमचं बारकं शेपूची भाजी खात न्हाई वो. त्याला काय शिक्षा हाय का बघा की त्या चित्रात."

"बघते," मी म्हणाले.

चित्रात नव्हती. मी काढली. शेपू न खाणाऱ्या मुलांसाठी एक स्वतंत्र कढई. त्यात मुलाला बसवतात, वरून शेपूचा ओला पाला टाकतात, आणि यमदूत विचारतो, "लसूण किती घालू?" लसणाशी मी थांबायचे. त्या आठवड्यात गावातली शेपू संपली.

मग तर रांगच लागली. दूध न पिणाऱ्यासाठी एक, धाकट्या भावाला मारणाऱ्यासाठी एक, वेणी घालताना रडणारीसाठी एक. मी कुणालाच नाही म्हणाले नाही. लोक शिंप्याकडे कापड घेऊन जातात तसे माझ्याकडे पोर घेऊन येत आणि मी मापाचा नरक शिवून देत असे. आज हे सांगताना मला हसू येतं, ते मी लपवत नाही. तेव्हाही येत होतं. देवाबद्दल मी त्या मुलांना काय शिकवलं असेल तर एवढंच, की तो कपाटाआड बसून बघत असतो आणि त्याच्याकडे कढया पुष्कळ आहेत. त्याची आरती मुलं पाठ म्हणायची. मनापासून म्हणायची. मार चुकवायचा असला की कुणीही मनापासून म्हणतं.

ओढ्याचं श्रेय मात्र निव्वळ नशिबाचं. गाव आणि एस.टी.चा थांबा यांच्या मधून एक ओढा जायचा, त्यावर फरशीचा बुटका पूल. उसाचा हंगाम सुरू झाला की वरच्या अंगाला असलेल्या कारखान्यातून मळीचं पाणी ओढ्यात उतरायचं. पाणी तांबडं-काळं व्हायचं, वर साबणासारखा फेस, मेलेल्या माशांची पांढरी पोटं, आणि वास असा की माणूस नाकाला रुमाल लावूनच फरशीवर पाऊल टाकायचा. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मी वैतरणीचं वर्णन करत होते, रक्ताची आणि पुवाची नदी, मेल्यावर जी पार करावी लागते ती. एका पोराने विचारलं, "बाई, ती कुठं हाय?"

सभामंडपातून ओढा दिसायचा. मी हात लांब केला.

चाळीस माना वळल्या. मावळतीचं ऊन नेमकं पाण्यावर होतं. एकही पोर हललं नाही. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा प्रयोग, आणि त्याला पडदासुद्धा लागला नाही.

"मग पार कसं जायाचं?" तोच पोरगा.

ते मी सांगितलं. आमच्याकडे सगळ्या मोठ्या माणसांना ते ठाऊक असतं. मेलेला माणूस गाईचं शेपूट धरून वैतरणी पार करतो, म्हणून मरणाच्या वेळी गाय दान द्यायची, नसेल तर चांदीची चिमुकली गाय द्यायची. शेपूट सुटलं की संपलं.

त्या चाळीस जणांत एक मुलगी होती. आठ वर्षांची, दुसऱ्या खांबापाशी बसायची, पोतं नीट चौकोनी अंथरायची. ती आमच्या गावची नव्हती. तिची आई आमच्या गावची. आईला सांगलीकडच्या एका गावात दिली होती, नवरा दारू प्यायचा आणि हाताला येईल त्याने मारायचा. पाटा उचलला त्या दिवशी ती पोरीला घेऊन माहेरी निघून आली होती. वडिलांनी तिला ठेवून घेतलं. "माझ्या घरात भाकरीला तोटा न्हाई," एवढंच ते म्हणाले होते, आणि म्हातारा शब्दाचा पक्का होता. पण घरात भावजय होती.

ती भावजय मला नळावर भेटली. घागर भरली तरी निघेना.

"बाई, एक इचारू? नवऱ्याला सोडून म्हायेरात बसणाऱ्या बायांस्नी काय आसतं का वो तुमच्या त्या चित्रात?"

ती कुणाबद्दल विचारते हे मला कळलं नव्हतं, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत आले. मला कळलं होतं. पण त्याच क्षणी मला कल्पना सुचली होती, आणि सुचलेली कल्पना मला कधी परत ठेवता आली नाही.

"आहे की," मी म्हणाले. "उद्या पाठवा पोरांना."

तापलेला उंबरा. लोखंडाचा, लालभडक. नवऱ्याचं घर सोडणाऱ्या बाईला त्यावर अनवाणी उभं करतात. आत घेत नाहीत, बाहेर जाऊ देत नाहीत. ती हाका मारते, आत तिची माणसं जेवत असतात, त्यांना ऐकू येत नाही. बस्स, एवढंच. ना करवत, ना तेल. माझी आजवरची सर्वांत चांगली शिक्षा होती ती, आणि मला ते सांगताना कळत होतं. मी आवाज खाली आणला. एक एक शब्द टाकला. "आणि ती म्हणते, दार उघडा गं. दार उघडा." इथे थांबायचं होतं, म्हणून मी खांबाआडून बघितलं, आणि दुसऱ्या खांबापाशी मला जे हवं होतं ते दिसलं. भरलेले डोळे. मी पुढे गेले.

चौथ्या दिवशी त्या पोरीची आई माझ्याकडे आली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल. ओटीवर टेकली, पदर बोटाला गुंडाळत राहिली.

"बाई, तुमी पोरीला काय सांगितलंय? चार दिस झालं, अन्न टाकलंय तिनं. पाणी पिती आन् माझं पाय बघत बसती. म्हणती, आये, चल परत. तुझं पाय भाजतील."

आणि ती, खरं तर तिने मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या, ती हसली आणि म्हणाली, "लय मन लावून शिकवता वो तुमी. ती माझं ऐकत न्हाई, तुमचं ऐकंल. तेवढं सांगा तिला, न्हाई म्हणून."

मी पोरीला देवळामागे चिंचेखाली नेलं. तिचा हात धरला. सांगितलं की उंबरा खोटा आहे, मी तो मनाने रचला, असं काही नसतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या तोंडाकडे अशा काळजीने पाहिलं की मला आजही त्या नजरेला काय म्हणावं ते सापडलेलं नाही.

"बाई, खोटं बोलू नका वो," ती हळूच म्हणाली. "जीभ जाईल तुमची."

"अगं, खोटं मी तेव्हा बोलले. आता खरं बोलते."

"तवा तुमी समद्यांम्होरं बोलला. देवाम्होरं. आता एकटीलाच कोपऱ्यात सांगताय."

आठ वर्षांची. तिचं काहीही चुकलं नव्हतं. मी नरकाला दारं इतकी घट्ट बसवली होती की आता मलाच आत हात घालता येईना.

मी सुभेदारांकडे गेले. म्हटलं, उद्या मला वर्गात, देवासमोर, सगळ्या मुलांना सांगायचं आहे की हे सगळं मी रचलेलं आहे. ते खुर्चीत सरळ झाले.

"समदं?"

"बरंचसं."

"आन् मग पेरू?"

"काय पेरू?"

"पोरं सुधारल्यात, बाई. भीती काढून घेतली की उद्या झाडावर. एका पोरीपायी आख्ख्या गावाची डिसिप्लिन मोडायची व्हय? जेवंल की ती. भूक लागली की समदी जेवत्यात." मग मिशीवरून हात फिरवत, "तुझ्या ऑर्डरचं मी तालुक्याला बोललोय बरं का."

मी देवासमोर काही सांगितलं नाही. ऑर्डरचं हे एक कारण होतं. दुसरं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चाळीस मुलांसमोर उभं राहून आपला नरक स्वतःच्या हाताने मोडायचा, त्यांनी माझ्याकडे म्हशीसारखं निर्विकार बघायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चार जणांना श्लोक शिकवायचे, हे मला झालं नसतं.

पोरगी पाचव्या दिवशीही जेवली नाही. सहाव्या दिवशी तिला धड उभं राहता येईना, तेव्हा आईने ट्रंक भरली, आणि भरलेली ट्रंक पाहून पोरगी जेवायला बसली.

ती सकाळ सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. संक्रांत नुकतीच झाली होती. दहाची एस.टी. गाठायला निघालेली माणसं फरशीपाशी खोळंबली होती, कारण फरशीच्या तोंडाला ही पोरगी आडवी उभी होती आणि आईला पुढे पाऊल टाकू देत नव्हती. फरशीवरून घोट्याएवढं तांबडं पाणी वाहत होतं. "गाय आना," ती म्हणत होती. "आदी गाय आना. आईला गाय पायजे." आजोबांनी समजावलं, मामाने डोळे वटारले. ती हटेना. शेवटी म्हातारा घराकडे गेला आणि आपली तांबडी गाय सोडून घेऊन आला.

आणि मग ती जिवंत बाई, पंचविशीची, डोक्यावर ट्रंक, एका हाताने ट्रंक सावरत आणि दुसऱ्या हाताने गाईचं शेपूट धरून, मळीच्या पाण्यातून पलीकडे गेली. खोळंबलेली माणसं पोट धरून हसत होती. कुणीतरी ओरडलं, "आगं ए, जिती हाईस का मेलीस?" ती पण हसत होती, लाजून. पोरगी मागून दोन्ही हातांनी आईचा पदर धरून चालत होती आणि ओरडत होती, "सोडू नगंस! आये, सोडू नगंस!"

मी हसणाऱ्यांतच उभी होते. पलीकडे पोचल्यावर पोरीने शेपूट सोडवलं आणि वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की जणू आता जगात काही व्हायचं राहिलं नाही. आईला तिने वाचवलं होतं.

तुम्ही विचाराल, मग मी वर्ग बंद केला का? त्याच संध्याकाळी घेतला. विषय चोरी. चांगला झाला.

जूनमध्ये ऑर्डर आली. पुढे लग्न होऊन मी सांगलीला गेले, बदली करून घेतली, आणि नवरा, मुलगा, शाळा यांत दिवस कसे गेले हे सगळ्यांचं असतं तसंच आहे. शाळेत मी धर्माचं काही शिकवत नसे. पाढे शिकवायचे. पाढे चुकले तरी कुणाचे पाय भाजत नाहीत. त्या पोरीची आठवण यायची, पण कशी, तर गाईच्या शेपटाचा किस्सा म्हणून. हळदीकुंकवाला, सहलीच्या बसमध्ये, मी तो किस्सा रंगवून सांगायचे. बायका हसून हसून डोळे पुसायच्या. कढई सांगायचे, उंबरा गाळायचे. ती बाई परत का निघाली होती हे कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. शाळा सुरू व्हायच्या आधी आम्हा शिक्षकांना घरोघर फिरून सहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांची नोंद करावी लागते. त्या वर्षी माझ्या वाट्याला नदीपलीकडचं एक गाव आलं होतं. दुपारचे बारा. एका पत्र्याच्या घरासमोर मी उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात हाक दिली, "आहे का कुणी? शाळेतून आलेय."

एक बाई बाहेर आली. आधी ओठांवर बोट, मग आत बोट. आत कुणीतरी घोरत होतं. उंबऱ्याशी पुरुषाच्या चपला होत्या. तिने मला निरखलं, आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"आवं बाई! आमच्या गावच्या बाई!" ती कुजबुजली.

मी ओळखलं ते तिच्या हसण्यावरून. बाकी ओळखण्यासारखं फार राहिलं नव्हतं. डावा हात मनगटापासून वाकडा होता. मी काही बोलले की ती मान वळवून उजवा कान पुढे करायची. "ह्या बाजूनं बोला," ती सहज म्हणाली, जणू दुसऱ्या दाराने या असं सांगावं तसं. "हिकडचा गेलाय."

तिची मोठी पोरगी उंबऱ्यावर बसली होती. पंधरा वर्षांची, सातवीनंतर शाळा सुटलेली. तिच्यासमोर ताटली घेऊन सहा वर्षांची धाकटी बहीण. म्हणजे माझ्या कागदावर जिचं नाव लिहायचं होतं ती हीच. आई परत आल्यावर झालेली. धाकटी तोंड घट्ट मिटून बसली होती आणि मोठी तिला घास भरवत होती.

"खा," मोठी दबल्या आवाजात म्हणाली. "न्हाईतर कढईत बसवत्यात. आन् वरनं शेपूचा वला पाला टाकत्यात. आन् मग यमदूत इचारतो..."

आणि थांबली. नेमकी थांबली. मान खाली करून, भुवया वर करून, धाकटीच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"...लसूण किती घालू?"

धाकटीने तोंड उघडलं.

मी नोंदीचे कागद खाली ठेवले. "तुला आवडते का गं शेपू?" मी मोठीला विचारलं.

ती माझ्याकडे पाहून ओळखीचं हसली. "न्हाई बाई. वासानंच मळमळतं. पर खाती. केली की खातीच."

"किती वर्षं?"

"तुमी सांगितल्यापास्नं."

"अगं वेडे," मी म्हणाले, आणि माझ्या नकळत माझ्यातला तो जुना आवाज जागा झाला, "ती कढई मी काढली होती! आमच्या मागच्या आळीतल्या बाईचं पोरगं शेपू खात नव्हतं, ती मला म्हणाली, बाई, काय शिक्षा हाय का बघा की..." मी ती बाई उभी केली. तिची मान, तिची कंबर, तिची घागर, सगळं कुजबुजत. लसूण मला कुठे सुचला तेही सांगितलं, आमच्याच चुलीसमोर. पोरगी आधी नुसतीच बघत राहिली. मग तिचे खांदे हलू लागले. तिने ओढणी तोंडात कोंबली. "आवं बाई, खरंच? तुमीच?" हसून तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी काय सांगितलं ते आईला ऐकूही आलं नसेल, पण पोरगी हसते म्हणून तीही पदरात हसत होती. धाकटीने संधी साधून ताटली दूर सरकवली आणि कुणी तिला रागावलं नाही. आत घोरणं चालू होतं. चौघी जणी आवाज न करता हसत होतो, आणि मला, देवाशपथ, फार बरं वाटत होतं. चिंचेखाली जे जमलं नव्हतं ते एका भाजीने जमवलं, असं वाटलं.

मग मोठीचं हसू हळूहळू थांबलं. तिने आपण कशावर बसलोय ते पाहिलं. उंबऱ्यावरून हात फिरवला.

"मग उंबरा?" तिने विचारलं.

मी आईकडे पाहिलं. ती अजून हसत होती, बहिरा कान आमच्याकडे. त्या क्षणी मला खोटं बोलता आलं असतं. उंबरा मात्र खरा आहे गं, असं म्हटलं असतं तर ती पोरगी पुन्हा निर्धास्त झाली असती. जन्मभर. मला अजून कळलेलं नाही की कोणतं उत्तर द्यायला हवं होतं.

"तोही मीच," मी म्हणाले. "तुझ्या मामीने मागितला होता."

तिने आईच्या वाकड्या मनगटाकडे पाहिलं. मग त्या कानाकडे. आणि मग, आत झोपलेल्या माणसाला विसरून, डाव्या कानालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती ओरडली,

"आये, म्हंजे आपुन उगंच आलो व्हय गं परत?"